दोन ब्रेकांची गाडी

हसा, खुशाल हसा! मित्रांनो, पाठीवर लाल 'एल' मिरवत दिल्लीच्या रस्त्यांवर रखडणारी आणि मागच्यांच्या शिव्या खाणारी ती जुनी गाडी मीच. कारखान्यातून निघाले तेव्हा केवढी स्वप्नं होती, लांब लांब जायची! नशिबी आलं ड्रायव्हिंग स्कूल. डाव्या सीटपुढे शिकवणाऱ्यासाठी जादा ब्रेक बसवला आणि माझ्या जिवाची चैन गेली. जरा वेग घ्यावा, की दाबलाच पाय!

आमचा यतीन शिकवतो झकास, पण त्याचा पाय त्या ब्रेकवरून हलत नसे.

मागच्या थंडीत लक्ष्मीबाई नगरच्या चंद्रप्रभाताई शिकायला आल्या. वय पन्नाशीचं. त्या एका ऑफिसला जेवणाचे डबे पुरवत आणि श्यामकांत, त्यांचे यजमान, ते गाडीने पोचवत. श्यामकांतांची नजर अधू झाली. सरकारी नोकरीत अर्ध्या पगाराची रजा घ्यावी लागली, घरची गाडी कव्हरखाली गेली. डबे रिक्षाने जाऊ लागले आणि रोज उशीर होऊ लागला. असंच चाललं तर काम दुसऱ्याला देऊ, असं ऑफिसने बजावलं. पोळ्या लाटणाऱ्या क्षिप्राचं घरही त्याच डब्यांवर चालायचं. शेजारी मात्र म्हणत, या वयात हे काय नवीन? असा संताप आला मला!

"ताई, टेन्शन नको. ब्रेक मी बघतो," यतीन म्हणायचा. मी वेळेवर थांबे. ताईंना वाटे, आपणच थांबवली. मला सगळं कळत होतं, पण बोलणार कशी?

परीक्षेला डावी सीट रिकामी होती. थांबायची रेषा आली, ताई सवयीने वाट पाहत राहिल्या आणि आम्ही सरळ पलीकडे! नापास. त्या उतरून रडल्या. मीही आतल्या आत तडफडले.

दुसऱ्या दिवशी बसताना त्यांना यतीनचा जादा ब्रेकवरचा पाय दिसला. गाडी इतके दिवस कोण थांबवत होतं, ते उमगलं.

"यतीन, पाय वर घे. मांडी घालून बस."

"ताई, ठोकाल यार!"

"ठोकली तर मी ठोकेन. वर घे."

बिचारा देवाचं नाव घेत बसला. मी बंद पडले, हॉर्न वाजले, ताईंना घाम फुटला. पण ब्रेक त्यांनीच दाबला, चुकत चुकत शिकल्या. पुढच्या परीक्षेत रेषेच्या अलीकडे थांबले मी, अशी खूश झाले म्हणून सांगू! ऑफिसचं काम टिकलं, वाढलंही. क्षिप्राच्या जोडीला आणखी एक बाई आली.

परवा सिग्नलला शेजारी एक गाडी थांबली. आत डब्यांची चळत, स्टिअरिंगवर ताई. बाजूला श्यामकांत, घाबरून पायाने नुसतीच जमीन दाबत होते.

"अहो, पाय वर घ्या," ताई हसून म्हणाल्या आणि हिरवा दिवा लागताच निघून गेल्या. मी आपली मागे, खुरडत. पण यतीनने मांडी घातली होती.

मित्रांनो, मला अधूनमधून पुसा, तेलपाणी बघा. आणि घरात आई, आजोबा, कुणीही काही नवं शिकायला बसलं, तर शेजारी जरूर बसा. फक्त मांडी घालून.