गूळ घातलेली तंबाखू

बाळांनो, घटकाभर डोळे मिटा. तळहातावर चिमूटभर सुकी तंबाखू आहे असं समजा. ओढायची नाही हं, नुसता वास घ्यायचा. आधी मातीसारखं काही जाणवेल, मग नाकाला झोंबेल. आता समजा, या वासावरूनच एक माणूस आपल्या भावाच्या घरी जायचं की नाही ते ठरवणार आहे.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, खर्ड्याजवळच्या एका मळ्यात, छबू नावाची पोर अशीच तंबाखूची पुरचुंडी घेऊन बांध ओलांडत होती. तिचा बाप गोरक्ष अंथरुणाला खिळला होता आणि वैद्यानं हात टेकले होते. बांधापलीकडे त्याचा थोरला भाऊ सहादेव राही; घरात सगळे त्याला तात्या म्हणत. विहिरीकडची पट्टी वाटणीत गोरक्षकडे गेली, तेव्हापासून दोघांनी मिळून एक चिलीम ओढली नव्हती. त्या भागात चिलीम एक, तोवर भाऊ एक.

"निरोप धाडला तर ऐकायचा न्हाई त्यो," गोरक्ष म्हणाला होता. "ही तंबाखू दे. तात्याला कळंल."

संक्रांतीला गूळ खाऊन माणसं अबोला सोडतात, हे छबूला ठाऊक होतं. म्हणून निघण्याआधी तिनं तंबाखूत गूळ कुस्करला होता.

"बा लई आजारी हाय, त्यानं ही धाडलीया," म्हणत तिनं पुरचुंडी पुढं केली. सहादेवनं तंबाखू तळहातावर घेतली, अंगठ्यानं चोळली, नाकाशी नेली आणि हात खाली केला.

"ही गोरक्षची न्हाई. आमच्या घरात तंबाखूला कधी गूळ लावला न्हाई. कुनी धाडलं तुला? वाटनी करनाऱ्या पंचांनी?"

त्याची बायको गोजरबाई चुलीपासून डोकावली. "बघू. अगं बया, चिलीम हाय का पुरनपोळी?"

गप्प राहिलं तर तात्या हे सोंगच समजणार, आणि तिकडे बा दाराकडे डोळे लावून पडणार.

"गूळ मी घातला," ती म्हणाली. "तंबाखू बाचीच हाय. तुमचा राग जावा म्हनून घातला."

उकिडवं बसून सहादेवनं गुळाचे चिकट खडे वेचून टाकले. उरलेला चुरा पुन्हा चोळला आणि बराच वेळ हुंगत राहिला. मग एक कण जिभेला लावला.

"खारी हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "विहिरीकडच्या पट्टीतली. त्या पान्यानंच अशी झोंबती. पर गोरक्षला कुठं सोसायची ही? त्याला ठसका लागायचा."

"बा न्हाई वढत ही. तात्याला आवडती म्हनतो, आन् दर साली एक वाफा लावतो. वाळवून मडक्यात ठिवतो."

सहादेवनं मूठ मिटली. गोजरबाईनं नवऱ्याकडे पाहिलं, पदरानं नाक पुसलं.

"भरा मग चिलीम," ती म्हणाली. "इस्तू हाय चुलीत."

"हितं न्हाई. एकट्यानं वढायची न्हाई ही." त्यानं खुंटीवरचं पागोटं काढलं. "त्याला वढवंना तर नुसती व्हटाला लावंल."

छबू चुलीकडे गेली. तिनं चिमट्यानं एक निखारा खापरावर घेतला, वर राख लोटली, आणि तात्यांच्या पुढं बांधावरून चालू लागली.