आजोबांच्या उजव्या कानात

मी श्रवणयंत्र बोलतोय. खरं तर माझं काम ऐकण्याचं. बोलणं आमच्या जातकुळीत बसत नाही. पण मागच्या महिन्यात एका मंगळवारी जे कानावर पडलं, त्याने मी असा हबकलोय की कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवत नाही.

आकाराने मी शेंगदाण्याहून जरासा मोठा. भिंगातून बघत, केसाएवढ्या तारा जोडत कामगारांनी मला घडवलं. मग कान तपासणाऱ्या एका बाईंच्या दवाखान्यात चार महिने डबीत पडून होतो. तिथून आजोबांनी मला घरी नेलं.

आजोबांचा बिजागऱ्यांचा कारखाना होता. दारांच्या, कपाटांच्या, पेट्यांच्या बिजागऱ्या. मालक असूनही ते खुर्चीत कमी आणि पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीनपाशी जास्त. अडतीस वर्षं त्या धडधडाटात उभे राहिले. मुलाने दुसरी वाट धरली तेव्हा कारखाना विकून ते घरी आले, पण कान तिथेच ठेवून आले.

कबूल मात्र कोण करणार! "मी बहिरा नाही, तुम्ही सगळे पुटपुटता," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आजी म्हणायच्या, "सोयीचं तेवढं बरोब्बर ऐकू येतं यांना."

मग ते दवाखान्यात आले कसे? डबीतून ऐकलं ते सांगतो.

"नात सहा वर्षांची आहे," ते बाईंना म्हणाले. "आवाज एवढा बारीक की घरात सगळे तिला मुंगी म्हणतात. काल ती मला काहीतरी सांगत होती. मी तीनदा 'काय?' विचारलं. मग म्हणाली, 'काही नाही, आजोबा.' तेवढं मात्र तिच्या तोंडाकडे बघून कळलं मला." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बाई, ते 'काही नाही' मला नको."

ज्यांच्या घरी असं कुणी असेल, त्यांना माझी विनवणी आहे. 'काय?' म्हणून चारदा विचारलं, तरी पाचव्यांदा सांगा. मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते.

पहिल्या संध्याकाळी आजोबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "तू काम करताना गुणगुणतेस?"

"चव्वेचाळीस वर्षं," आजी म्हणाल्या. "आज पोचलं वाटतं!"

त्यानंतर मुंगीने आम्हाला दम घेऊ दिला नाही. शाळेतून घरी येताना ती बोलायची आणि आजोबा ऐकायचे. कोणाचा दात पडला, कोण खोटं रडलं, खारीला शेपूट एवढी मोठी का. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं तर आजोबा हात वर करून म्हणायचे, "जरा थांबा हं, हिचं होऊ दे."

वर्गात मोठ्याने वाचायची वेळ आली की मुंगीची दातखीळ बसायची. आजोबांनी युक्ती केली. मला बंद करून ते तिच्यापासून लांब खुर्ची टाकून बसायचे. "बहिऱ्या म्हाताऱ्याला ऐकू जाईल असं वाच," म्हणायचे. रोज खुर्ची वीतभर मागे. शेवटी खुर्ची गॅलरीत पोचली. महिन्याभराने मुंगीने सगळ्या शाळेसमोर एक गोष्ट वाचली. तेव्हा मी चालू होतो. एकही शब्द मी सांडू दिला नाही.

आणि मग तो मंगळवार. सकाळचे पावणेअकरा. मुंगीच्या शाळेत पुस्तकांच्या कपाटाचं दार निखळलं होतं. "मी बसवून देतो," असं आजोबांनी शाळेला कळवलं होतं आणि त्यासाठी ते हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू निवडत होते. तब्येत ठणठणीत. वाटेत शीळसुद्धा घातली होती.

"हा नको," ते दुकानदाराला म्हणाले. "बिजागरीचा स्क्रू असा हवा, की त्याचं डोकं..."

"डोकं काय, आजोबा?" दुकानदार हसत थांबला.

स्क्रूंचा डबा खाली पडला. मग आजोबा पडले.

मी कानातच होतो. मला साधा ओरखडाही आला नव्हता, म्हणून मला सगळं ऐकू येत राहिलं. दुकानदाराच्या हाका, पाण्याचं भांडं, समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरची धावती पावलं. मग डॉक्टरचा आवाज, "गेलेत हे."

"गेले म्हणजे?" दुकानदार जवळजवळ भांडायलाच उठला. "अहो, ते आत्ता बोलत होते!"

दिवसभर मी हेच ऐकलं. प्रत्येकाकडे आपापली वेळ होती, आणि ती दाखवली की झालेलं खोटं ठरेल असं प्रत्येकाला वाटत होतं. मुलगा म्हणाला, "नऊला मला फोन केला होता त्यांनी." आजी म्हणाल्या, "दहाला चहा घेतला. कप अजून विसळायचाय." त्या पुन्हापुन्हा कपाचंच सांगत राहिल्या.

कुणीतरी मला काढायला हात पुढे केला. "थोडा वेळ राहू दे," मुलगा म्हणाला. मग तो वाकला, अगदी माझ्यापाशी. "बाबा, संध्याकाळी येतो म्हणालो होतो ना. येणारच होतो मी." मी ते जसंच्या तसं आत पोचवलं. माझं काम मी चोख केलं. पलीकडे घेणारं कुणी नव्हतं. असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

मुंगीला शाळेतून आणलं. ती आजोबांकडे बघत उभी राहिली आणि गप्प झाली. रडली नाही, काही विचारलं नाही. जेवायला हाक मारली की यायची, दप्तर भरायची, शाळेत जायची. पण तोंडातून शब्द नाही. असे तीन आठवडे.

भेटायला माणसं येत होती. एका दुपारी कारखान्यातले जुने कामगार आले, वीसेक जण. घरातले दचकले, कारण सगळेच ओरडून बोलत होते. "फार वाईट झालं, वहिनी!" असं एकाने गरजून सांगितलं. दुसऱ्याने विचारलं, "काय म्हणाला हा?" सगळ्यांचेच कान प्रेसने खाल्लेले. इतक्या दिवसांत आजी पहिल्यांदा हसल्या आणि हसता हसता रडल्या.

त्यांच्यातला सगळ्यात जोरात बोलणारा म्हणजे प्रेसवरचा जुना कारागीर, धिप्पाड गडी. कारखान्यात त्याला भोंगा म्हणत. तो निघाला तेव्हा मुलाने माझी डबी त्याच्यापुढे धरली.

भोंगा मागे सरला. "मालकांच्या कानातलं मी घालू? नको, साहेब!"

"घाला," आजी म्हणाल्या. त्याला ऐकू गेलं नाही. त्या उठल्या, डबी त्याच्या मुठीत दिली आणि मूठ मिटली.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी आम्ही कान तपासणाऱ्या बाईंच्या दवाखान्यात गेलो. भोंगा, मुलगा, आजी आणि त्यांच्या पदराला धरून मुंगी. बाईंनी नव्या कानाचं माप घेतलं, माझा आवाज त्याच्या कानाला जुळवला आणि मला बसवलं. अनोळखी कान, आत सगळं परकं.

"काहीतरी बोला कुणी," बाई म्हणाल्या.

मुलाने घसा खाकरला. पण त्याच्या आधीच एक आवाज आला. बारीक, मुंगीएवढा.

"आमचे आजोबा गेले."

घरात कुणी हे वाक्य अजून सरळ उच्चारलं नव्हतं. आजींनी तोंडाला पदर लावला. बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. मी ते एक अक्षरही न गाळता आत पोचवलं, आणि या वेळी पलीकडे कुणीतरी ते घेतलं.

भोंगा खुर्चीतून उठला आणि एवढा मोठा गडी मुंगीसमोर जमिनीवर बसला.

"ऐकलं, बाळा," तो म्हणाला. उभ्या आयुष्यात तो इतकं हळू बोलला नसेल. "पुढे सांग."

मुंगी आजींचा पदर सोडून त्याच्या उजव्या बाजूला येऊन बसली, आणि सांगू लागली.