गोदामातल्या गोळ्या

ईश्वरप्पांच्या घरात ढेकूण झाले होते, आणि ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जायची नाही असा त्यांच्या बायकोचा, गंगम्माचा कडक हुकूम होता. थोरल्या शिवानीला बघायला अक्कलकोटची मंडळी येणार होती, तीही मुक्कामाला.

"अव्वा, त्यांनी शिवानीला पसंत करायच्या आधी ढेकूणच त्यांना पसंत करतील बघ!" धाकटी दानेश्वरी खिदळली आणि तिनं पाठीत धपाटा खाल्ला.

सगळं करून झालं होतं. गाद्या पत्र्यावर टाकल्या, तेही सोलापूरच्या उन्हात! खाटांच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं. तरी सकाळी शिवानीच्या मानेवर लालबुंद गांधी उठलेल्याच.

ईश्वरप्पा मार्केट यार्डात, तुरीच्या गोदामात कामाला. तिथं पोत्यांच्या थप्पीवर ताडपत्री ओढायची, खाली विषारी गोळ्या ठेवायच्या आणि कडेकोट बंद करायचं, ही त्यांची नेहमीची रीत. त्यातल्याच काही गोळ्या त्यांनी रुमालात बांधून घरी आणल्या.

"तिथं तुरीतला पोरकिडा वाचत न्हाय, हितं ढेकूण कुठला वाचतोय?"

खिडकीच्या आणि दाराच्या फटींना त्यांनी खळ लावून कागद चिकटवले. दानेश्वरीनं वर बोट दाखवलं. शेजारच्या राजाबाईंची आणि यांची भिंत एकच, आणि ती पत्र्याला टेकतच नव्हती.

"अप्पा, वरनं जाईल की तिकडं."

"जड वाफ असती ती. खालीच बसती."

"मग राजाबाई आजीला सांगून तरी जाऊ."

"सांग की! दवंडीच दे गल्लीत," गंगम्मा म्हणाली.

खाटांखाली गोळ्या ठेवून, दाराला कुलूप लावून सगळे मावशीकडे निघाले. राजाबाई दारातच तांदूळ निवडत होत्या. आत त्यांची नात सोनम तापानं झोपली होती. आईबाप गेल्यापासून ती पोर आजीच्याच पदराला.

"कुटं निगालासा सगळी?"

"मावशीकडं, आजी! संध्याकाळी येतो!" दानेश्वरी ठसक्यात म्हणाली. मग ती अव्वाच्या मागं पळाली.

दुपारी गल्लीतून फोन आला. सोनमला उलट्या होतायत, दवाखान्यात नेलंय.

ते पोचले तेव्हा राजाबाई व्हरांड्यात स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होत्या. "कालचं वांगं खायाला दिलं मी. मीच घातलं इष पोरीला!"

डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "वांग्याशिवाय काय खाल्लं? घरात काही फवारलंय?"

"न्हाय वो. कायबी न्हाय," राजाबाई म्हणाल्या.

दानेश्वरीनं अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी तिचं मनगट घट्ट धरलं. "सुम्न कूडु," ते पुटपुटले. गप्प बस. ते तिला दाराकडं ओढू लागले. एवढा मोठा बाप भ्यायलाय, हे तिला पहिल्यांदा दिसलं.

तिनं मनगट हिसकलं.

"डॉक्टर, आमच्या घरात गोळ्या ठेवल्यात. धान्यातल्या. ढेकणांसाठी. भिंत वरनं उघडी आहे."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी नर्सला हाक मारली आणि अग्निशमनला फोन करायला लावला. "कुणी त्या खोल्यांत पाऊल टाकू नका. आजूबाजूची घरं रिकामी करा." मग हळूच म्हणाल्या, "याला उतारा नसतो गं. पण जमेल तेवढं करू."

त्यांनी जमेल तेवढं केलं. ऊन कलायच्या आत सोनम गेली.

शिवानी भिंतीला टेकून रडत होती. गंगम्मानं पदर तोंडात कोंबला होता. ईश्वरप्पा पोलिसांसमोर उभे होते. राजाबाई मात्र कोरड्या डोळ्यांनी पांढऱ्या चादरीकडं बघत बसल्या होत्या. दानेश्वरी त्यांच्यापुढं जाऊन उकिडवी बसली. आता त्या आपल्याला मारतील, असं तिला वाटलं. मारावंच, असंही वाटलं.

राजाबाईंनी विचारलं, "मंजी माज्या वांग्यात कायबी नव्हतं?"

"नव्हतं, आजी."

तेव्हा कुठं राजाबाईंनी हंबरडा फोडला.