दोघींच्या कार्डावरचं पेनिसिलिन

आईला कुठे पुरायचं यावरून दोघी बहिणींचं बिनसलं, त्याला नऊ वर्षं झाली होती. म्हणून भाचीचा फोन आला तेव्हा एर्सिलिया दचकलीच. वाल्दिव्हिया शहराच्या मासळीबाजारामागच्या आपल्या खाणावळीत ती शिंपल्या साफ करत होती.

“मावशी, मी मारिबेल. आईला इथे तेमुको शहरात दवाखान्यात ठेवलंय. पित्ताचा खडा नळीत अडकून आत पू झाला होता. काल खडा काढला, पण थंडीताप काही हटत नाही.”

पित्ताचे खडे त्यांच्या घरात नवे नव्हते. आई, आजी, दोन्ही आत्या, सगळ्यांना त्यांनी छळलं होतं. पण पू झाला म्हटल्यावर एर्सिलियाने हातातली शिंपली बाजूला ठेवली.

“डॉक्टर विचारतायत, आईला पेनिसिलिनचं काय झालं होतं? तिच्या रक्तातल्या जंतूंवर चालणारं औषध त्याच जातीचं आहे, आणि तिच्या दवाखान्याच्या कार्डावर लिहिलंय, देऊ नये. आई म्हणते, लहानपणी तिचं अंग सुजलं होतं.”

“तिचं नाही गं, माझं. डॉक्टरांकडे दे फोन.”

एर्सिलिया अकरा वर्षांची असताना घसा धरला म्हणून तिला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, आणि संध्याकाळपर्यंत ओठ सुजून श्वास अडकायला लागला. आईने धसकाच घेतला. पुढे दवाखान्यात जाईल तिथे सांगायची, “माझ्या पोरींना हे सोसत नाही.” दोघींच्या कार्डावर तेच चढलं. धाकट्या बहिणीला, झुनिल्दाला, ते औषध आजवर कुणी दिलंच नव्हतं.

डॉक्टर बार्रिएंतोस तरुण होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. “मग आधी थोडंसं देऊन बघू. पण त्या ऐकतच नाहीत. तुम्ही येऊ शकाल?”

एर्सिलियाने खाणावळ शेजारणीवर सोपवली आणि मिळाली ती बस पकडली.

झुनिल्दा खाटेवर एवढीशी झाली होती. डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं पिवळं.

“आलीस, ताई?”

“आले.”

“त्यांना सांग, ते औषध मला नको. मला अजून आठवतं, अंगाची नुसती आग होत होती.”

“ती आग माझी होती, झुनी. तू माझ्या पांघरुणात शिरली होतीस. आई ओढत होती तरी हलली नाहीस. माझ्या हातांवर फुंकर घालत बसलीस.”

“मला वाटायचं, मीच आजारी होते.”

“तू सहा वर्षांची होतीस. माझ्याहून जास्त तूच रडलीस.”

“मग देऊ दे,” झुनिल्दा म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

थोडंसं औषध शिरेत गेलं. एर्सिलिया तासभर तो हात मांडीवर घेऊन बसली. कुठे लाली उठते का, श्वास लागतो का, बघत होती. नर्सही येऊन बघून जात होती. काही झालं नाही. मग पूर्ण बाटली लावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. झुनिल्दाने उकडलेला बटाटा खाल्ला आणि मीठच नाही म्हणून दवाखान्याच्या नावाने बोटं मोडली. एर्सिलिया इतक्या मोठ्याने हसली की मारिबेल धावत आली.

“पित्ताशय नंतर काढावं लागेल,” डॉक्टर म्हणाली. “दीड महिन्याने या.”

“तोवर ताई माझ्याकडेच आहे,” झुनिल्दाने परस्पर सांगून टाकलं.

एर्सिलियाला कुणी विचारलं नव्हतं. तिने फक्त बहिणीचं पांघरूण पायाशी नीट खोचलं.