हात काढायचा नाही

"हात काढ आधी!" सासरे ओरडले.

"नाही काढणार."

पाडलेल्या झाडाच्या फांद्या तोडताना कुऱ्हाड निसटून त्यांच्या मांडीत घुसली होती, गुडघ्याच्या जरा वर. मी पँट फाडली होती, रुमालाची घडी जखमेवर ठेवली होती आणि अंगाचा सगळा भार तळहातांवर टाकला होता. झाडतोडणीच्या या टोळीचा स्वयंपाक मी करते. प्रथमोपचाराचं शिक्षणही मीच घेतलं, कारण बाकी कुणाला सवड नव्हती. तेव्हापासून धाकटा दीर मला डॉक्टरीणबाई म्हणतो.

"सून ना तू? चार माणसांत सासऱ्याच्या मांडीला हात लावतेस? लाज सोडलीस का?"

"सोडली. तुम्ही हलू नका."

दीर शेजारी उकिडवा बसला होता, चेहरा पांढराफटक. "वहिनी, उचल ना जरा. थांबलंय का बघू."

मघाशी पट्ट्यांचा डबा आणायला उठताना मी त्यालाच दाबून धरायला सांगितलं होतं. त्यानं बघायला म्हणून कापड उचललं आणि थांबत आलेलं रक्त पुन्हा भळाभळा वाहिलं. टोळीची सवयच ती. करवत चालवताना मधेमधे थांबायचं, वाकून चीर किती गेली ते बघायचं. लाकडाला चालतं ते.

"बघायचं नाही," मी म्हटलं. "भाताचं झाकण आहे का सारखं उचलायला?"

रुमाल भिजला. त्याच्यावरच दुसरं कापड ठेवलं आणि पुन्हा दाबलं.

मग सासऱ्यांनी आवाज खाली आणला. "पोरगी उपाशी असेल."

रोज दुपारी खाली वस्तीवर जाऊन मी लेकीला पाजून येते. एरवी ती सासूबाईंजवळ असते. दुपार कधीच टळून गेली होती. दूध दाटून छाती ठणकत होती.

"तू जा. हा दाबेल. माझं काय, पिकलं पान."

"ती रडेल, बाबा. रडून रडून आजीचं बोट चोखत झोपेल. पण रडेल तरी. तुम्ही गप्प झालात तर घरी काय सांगू?"

"उलट बोलतेस? मुकादम मी आहे इथला!"

"उभं राहून सांगा, मग ऐकते."

दीर फिस्सकन हसला आणि लगेच तोंड फिरवून डोळे पुसायला लागला.

माणसांनी दोन वाशांत आपापले शर्ट ओवून झोळी केली. मी पट्टी करकचून बांधली, तरी हात ठेवलाच. झोळीच्या बाजूनं, वाकून, दगडधोंड्यांतून उतरत राहिले. सासऱ्यांचे दात वाजायला लागले तेव्हा कुणीतरी त्यांच्या अंगावर कांबळं टाकलं. ते आता ओरडत नव्हते. मला त्याचीच भीती वाटत होती. "बोला की काहीतरी," मी म्हणायचे. "रागवा तरी."

"घरी गेल्यावर बघतो तुला," ते पुटपुटले. मला हायसं वाटलं.

रस्त्याला लागलो. गाडीची वाट बघत बरीच माणसं उभी होती. ती आधी रक्ताकडे बघायला लागली, मग माझ्याकडे. दुधानं माझं अंग पुढून ओलंचिंब झालं होतं, कापड चिकटलं होतं. सासऱ्यांनीही ते पाहिलं आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं अंगावरचं कांबळं ओढून माझ्याकडे ढकललं.

"घे. झाकून घे."

"तुम्हाला हुडहुडी भरलीय."

"लोक बघतायत, पोरी."

"बघू देत."

एका हातानं मी कांबळं त्यांच्या हनुवटीपर्यंत ओढलं, कडेनं खोचलं. दुसरा हात जखमेवरच होता. त्यांनी पुन्हा हट्ट केला नाही. मान तेवढी वळवली आणि त्या माणसांवर नजर रोखली. एकेकानं मान खाली घालेपर्यंत ते तसेच बघत राहिले.