मुलींच्या रांगेतलं इंटरनेट

शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या गजांना माणसं लोंबकळत होती, दारात चपलांचा ढीग पडला होता आणि आत तरंगनाथ महाराज कीबोर्डवर भस्म शिंपडत होते. रहिमतपूरपासून सहा किलोमीटरवरच्या त्या गावात इंटरनेटला विटाळ झाला होता. तो उतरवायला महाराज साताऱ्याहून गाडी करून आले होते.

खोलीत दोन रांगा. डावीकडे मुलगे, उजवीकडे मुली. शाळेची जुनी शिस्त. नवी यंत्रणा बसल्यापासून मुलग्यांच्या बाराही कॉम्प्युटरवर इंटरनेट पळत होतं आणि मुलींच्या बारांपैकी एकावरही येत नव्हतं. ठेकेदार सयाजी तीनदा येऊन सगळं बंद-चालू करून गेला आणि चौथ्यांदा आपल्या गुरूंनाच घेऊन आला. गुरूंनी दारातूनच निदान केलं: पाळीतल्या मुली खोलीत येतात. संस्थेचे अध्यक्ष नाथाजी आबा यांनी त्याच दिवशी मुलींना खोली बंद केली. त्याला आज अकरा दिवस झाले होते, आणि आज शुद्धीकरण होतं.

शिवांजली भिंतीला टेकून उभी होती. फिजिक्स घेऊन ती गेल्याच वर्षी बी.एस्सी. झाली होती आणि जूनपासून इथं लॅब असिस्टंट होती. तारांचं कपाट एकदा उघडून बघू द्या, असं ती अकरा दिवस सांगत होती. पण किल्ली सयाजीकडे, आणि सयाजी म्हणे, दुसऱ्यानं हात लावला की गॅरंटी जाते. दाराबाहेर बारावीची रेश्मा उभी होती. तिची प्रवेश परीक्षा कॉम्प्युटरवर होती, नऊ दिवसांवर आली होती, आणि सरावाला तिच्याकडे या खोलीशिवाय दुसरं काही नव्हतं.

"लहरी दोन," महाराज सांगत होते. "एक कोरडी, एक ओली. ओली लहर सॅटेलाइटला सोसत नाही."

शाळेचं इंटरनेट रस्त्याकडेच्या खांबावरून तारेनं येत होतं. सॅटेलाइटचा त्यात काडीचा संबंध नव्हता. शिवांजलीची कानशिलं तापली.

सयाजीनं कपाट उघडलं आणि आतल्या डब्याची हळदकुंकवानं पूजा मांडली. घंटा वाजू लागली. मुलींच्या रांगेतल्या सातव्या कॉम्प्युटरवर एकाएकी पान उघडलं. खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "लय कडक हाय गड्या महाराज." मग महाराजांनी रेश्माला आत बोलावून कीबोर्डवर हात ठेवायला लावला. घंटा पुन्हा वाजली आणि पान गेलं. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. ती आपल्या हाताकडे बघत होती, तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

शिवांजली गर्दी कापत कपाटाशी गेली. आत चोवीस भोकांचा चपटा डबा होता. त्याला स्विच म्हणतात. प्रत्येक कॉम्प्युटरची तार एकेका भोकात जाते. पहिली बारा भोकं मुलग्यांची, पुढची बारा मुलींची, आणि इंटरनेटची तार कडेच्या जादा भोकात.

"सयाजीराव, पूजा डब्याची होती ना? मग मुलग्यांच्या सात नंबरच्या भोकात कुंकू कसं गेलं?"

"लागला असंल हात."

"आणि मुलींच्या सातव्या कॉम्प्युटरच्या, म्हणजे एकोणीस नंबरच्या तारेच्या टोकाला?"

मुलग्यांच्या रांगेतून सातवा कॉम्प्युटर वापरणारा यशराज उठला. "मॅडम, घंटा वाजली तवाच माझं नेट गेलं हुतं. मग परत आलं."

घंटेच्या आवाजात सयाजीनं मुलींची तार मुलग्यांच्या भोकात घातली होती आणि पुन्हा काढली होती. शिवांजलीनं मुलींच्या बारा तारा काढून मुलग्यांच्या भोकांत खोचल्या आणि मुलग्यांच्या मुलींच्या भोकांत. मुलींची अख्खी रांग सुरू झाली, मुलग्यांची बंद पडली.

"आबा," ती म्हणाली, "आता ही पोरं बाजूला बसलीत का?"

खिडक्यांतून हसू फुटलं. महाराज घाईघाईनं म्हणाले, यंत्रालाही मागचा जन्म असतो. "असतो की, दाखवते," असं म्हणून तिनं आपला लॅपटॉप स्विचला जोडला. कंपनीनं दिलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. भिंतीवरच्या पडद्यावर यादी आली: रिसेप्शन, किचन, गेस्ट रूम. वर पाचगणीच्या एका हॉटेलचं नाव. सयाजीनं नवा म्हणून हॉटेलातला जुना डबा आणला होता. पाहुण्यांना ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये शिरता येऊ नये म्हणून हॉटेलवाल्यानं एकाच डब्यात न दिसणारी भिंत घातली होती. तिला व्हीलॅन म्हणतात, आणि वीज बंद केली तरी ती पुसली जात नाही. शाळेचं इंटरनेट ऑफिसच्या बाजूला आलं होतं, आणि मुलींच्या तारा भिंतीच्या पलीकडे.

तिनं जुन्या सेटिंग्ज पुसल्या, व्हीलॅनची यादी वेगळ्या जागी राहते तीही पुसली आणि स्विच पुन्हा सुरू केला. तो सुरू व्हायला पाच मिनिटं गेली. मग एकेक करत चोवीसही दिवे हिरवे झाले. तोवर महाराजांची गाडी निघून गेली होती.

"मी पदवी घेतलीय म्हणून हे कळलं नाही," शिवांजली गर्दीकडे वळून म्हणाली. "तारा बदलून बघायला दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं अकरा दिवसांत तुमच्यापैकी एकालाही मिळाली नाहीत. मुलींना बाहेर काढायला मात्र लगेच मिळाली. कुणी काही सांगितलं तर आधी तपासा, मग माना."

आबांनी घसा खाकरला. झालं गेलं विसरू, म्हणाले, पोरींनी उद्यापासून खुशाल यावं. "ते चार दिवस तेवढे सोडून. उगं कशाला."

शिवांजली काही बोलणार, तोवर रेश्मा मुलग्यांच्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीत जाऊन बसली होती. तिनं सराव परीक्षा उघडली आणि मान वळवली.

"आवं आबा, आज माझा दुसरा दिवस हाय. पयला प्रश्न आलाय. वाचून दावू का?"

प्रश्न पडद्यावर लख्ख दिसत होता. ज्याला अजून शंका असेल त्यानं जवळ जाऊन बघावं.