वाढत्या अंगाचं चिलखत

आमच्या बायकोचं एक तत्त्व आहे: कपडा घ्यायचा तो वाढत्या अंगाचा. पहिलीत घेतलेला रेनकोट अनयाला चौथीत कुठे नीट बसायला लागला, तोवर तो फाटला. कापडाचं एक वेळ ठीक आहे हो! पोलादाचं चिलखत कुणी वाढत्या अंगाचं करून घेतं का? आमच्याकडे घेतलं.

अनया आमची मुलगी, सत्तावीस वर्षांची. पंधराव्या शतकातल्या युरोपच्या पायदळासारखं नटून मैदानात लुटुपुटूच्या लढाया करणारा एक ग्रुप आहे, त्यात ती असते. आमच्या वेस्ट विंडसरमधल्या बाकीच्या मराठी लोकांच्या मुली भरतनाट्यम करतात, आमची भाला घेऊन चिखलात उभी राहते. आधी मी कपाळाला हात लावला. पण तिथे ती खूश असते, मग आपण कोण बोलणारे? सगळं मात्र त्या काळासारखंच लागतं. कुठे मशीनची शिलाई दिसली, की त्यांचा कॅप्टन वॉल्ट रांगेतून बाहेर काढतो.

गेल्या वर्षी तिला आतड्यांचा आजार झाला आणि धडधाकट पोरगी नुसती काडी झाली. जर्सी सिटीतलं भाड्याचं घर सोडून आमच्याकडे आली. पानातला भात नुसता चिवडायची. हिवाळ्यात नवी इंजेक्शनं सुरू झाली आणि डॉक्टर म्हणाले, झेपेल तेवढं कर. तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली. "बाबा, जूनच्या लढाईत मला लाइनमध्ये उभं राहायचंय. उसन्या नाही, माझ्या स्वतःच्या आर्मरमध्ये." म्हटलं, कर बाई.

माप घेतलं कांचननं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी. पेनसिल्व्हेनियातल्या चिलखतवाल्याला फोनवर आकडे सांगितले तेही तिनंच. तिथेच सगळा घोळ झाला.

मार्चमध्ये चिलखत आलं. काय काम होतं, वा! मी जन्मभर पंप डिझाइन केले, पत्र्यातलं मला कळतं. पण पट्टे कितीही आवळले तरी अनयाच्या अंगावर ते डुगडुगत होतं. बगलेतून माझी अख्खी मूठ आत जात होती.

"आई, व्हॉट नंबर्स डिड यू गिव्ह हिम?"

"बरोबर दिलेत. वर फक्त दोन इंच. वाढत्या अंगाचं."

"आय ॲम ट्वेंटी-सेव्हन!"

"मग काय झालं? अंग भरेल ना तुझं."

अनयानं चिलखत उतरवलं. "हे तू माझ्यासाठी केलंच नाहीस, आई. दुसऱ्याच कुठल्यातरी मुलीसाठी केलंस. ती मुलगी आता नाहीये. मी अशीच आहे." एवढं बोलून ती वर गेली आणि दार आपटलं.

मी कांचनवर असा भडकलो! "अगं, हे पोलाद आहे, परकर-पोलकं नाही! उंची मारून खाली दुमडणार होतीस का?"

"चुकलं माझं," ती म्हणाली. पस्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मग म्हणाली, "खरं माप सांगायला तोंड उघडलं, पण तेवढासा आकडा माझ्या तोंडातून निघेचना हो. काय करू?" पुढे मला रागवताच येईना.

चिलखतवाल्याला फोन केला. तो म्हणाला, एवढं लहान करता येणार नाही, नवीन करायचं तर जून निघून जाईल. वॉल्टनं स्पष्ट सांगितलं, डुगडुगणारं चिलखत रांगेत नको, तुलाच लागेल. त्यापेक्षा तंबूत थांबून स्वयंपाकाला मदत कर. म्हणजे रांगेत उभं राहायच्या आशेवर जगणारी आमची पोर तिथे कांदे चिरणार! अनया खोलीबाहेर यायची बंद झाली.

चिलखताच्या आत एक जाड कोट घालतात. कापडाचे थरावर थर, हातानं टाचलेले. थोडक्यात, गोधडीच. कांचननं अनयाचा तो कोट उलटा केला, टेबलावर पसरला आणि आतून आणखी थर लावायला आपल्या जुन्या सुती साड्या काढल्या.

"आई, कॉटन साडी?" जिन्यातून आवाज आला. "वॉल्ट मला जिवंत सोडणार नाही. आमच्यात लिनन ओन्ली."

कांचन उठली, मैत्रिणीकडे, रत्नाकडे गेली आणि तिचे जुने लिननचे टेबलक्लॉथ उचलून घेऊन आली. मग आम्ही तिघं शिवायला बसलो. अनयाची अट एकच: माझ्या वजनाचा विषय नको आणि जेवताना माझ्या पानात डोकावायचं नाही. कबूल केलं. माझे टाके बघून ती म्हणाली, "बाबा, तुझे पंपच बरे होते." किती महिन्यांनी हसली पोरगी!

कांचन आतले थर लांब-लांब टाक्यांनी टाचत होती.

"आई, हे लगेच उसवतील."

"उसवायलाच घातलेत," मान वर न करता कांचन म्हणाली.

मला वाटलं, झालं, पेटलं परत. अनयानं आईकडे बघितलं, सुई उचलली आणि पुढचा टाका तेवढाच लांब घातला.

मेमध्ये वॉल्टनं तिला खांदे धरून हलवून बघितलं, कोट उलटा करून टाके तपासले आणि मान डोलावली. लेकीला रांगेत जागा मिळाली.

जूनमधल्या त्या सकाळी मैदानाच्या कडेला मी तिचे पट्टे बांधत होतो. बक्कल भोकापर्यंत पोचेचना. म्हटलं, रात्री पाऊस झालाय, चामडं आखडलं असेल. जोर लावून पुन्हा ओढलं.

"बाबा, थांब. इट्स नॉट द स्ट्रॅप." तिनं आपल्याच बरगड्यांवर हात ठेवला. "आई, घट्ट होतंय."

"काय होतंय?" कांचनच्या हातातला उपम्याचा डबा तसाच राहिला.

"घट्ट होतंय गं. कात्री आण, लवकर!"

तिकडे ढोल वाजायला लागला, माणसं रांगेत जमायला लागली. आम्ही पत्रा उतरवला, कोट काढून उलटा केला. घाईत कांचनची कात्री नेमकी टाक्याला लागेना. शेवटी तिनं दोराच ओढला. टाके सरसर सुटले आणि एक अख्खा थर तिच्या हातात आला. तो छातीशी धरून ती भर मैदानात, सगळ्या भालेवाल्यांसमोर, हमसून हमसून रडायला लागली. मीही रडलो, खोटं कशाला बोलू?

अनयानं कोट अंगात चढवला, पत्रा लावून बघितला, हात वर-खाली केले.

"आई, रडतेस काय? अजून घट्टच आहे. आणखी एक काढ."